तिसऱ्याचं 'हो'

भाऊजी गेल्याची खबर मला फोनवर नाही कळली, कारण त्या सकाळी त्यांच्या घरचा फोनच मेला होता. ज्या माणसाने नोकरीची शेवटची वर्षं टेलिफोनच्या तारेला कान लावून काढली, त्याच्या मरणाची बातमी भिलाईतल्या स्मृती नगरहून माझ्या कॅम्प-1 पर्यंत शेजाऱ्याच्या स्कूटरवर बसून आली. मी दाढी करत होतो. शेजारी दारातूनच म्हणाला, "ढोक साहेब ऑफ झाले हो." मी तोंडावरचा साबण पुसला आणि तसाच निघालो, आणि दिवसभर अर्ध्या दाढीने वावरलो. लोक माझ्याकडे बघून डोळे पुसायचे, पुन्हा बघायचे आणि तोंड फिरवायचे. भाऊजी असते तर म्हणाले असते, "साळेबुवा, करायचं तं पूर्ण करा, नाई तं सुरूच करू नका." हेच त्यांचं सगळं तत्त्वज्ञान होतं. काम झालं तर सगळीकडे झालं, नाही तर कुठेच नाही झालं...

ते बूट घालता घालता गेले. एक बूट पायात, दुसरा हातात. डॉक्टर म्हणाले, हार्ट. मी डॉक्टर नाही म्हणून तिथे गप्प बसलो, पण हे लिहिताना गप्प बसायचं मला काही कारण दिसत नाही. गेलेल्या माणसाबद्दल लिहिताना त्याचे गुण लिहायचे असतात, हे मलाही कळतं. तेव्हा पहिलेच सांगून मोकळा होतो. मधुकर ढोक, माझ्या बहिणीचा नवरा, फार सज्जन माणूस होता, आणि त्याच सज्जनपणाने त्याने पोटच्या पोरीचं वाटोळं केलं. दोन्ही लिहिणार आहे. ताई वाचेल. वाचू दे.

ढोक मूळचे नागपूरजवळच्या काटोलचे. तीन भाऊ. थोरले दादा तिथेच संत्र्याच्या बागेत राहिले, धाकटा रमेश रेल्वेत लागून दुर्गला आला, आणि मधले आमचे भाऊजी भिलाईच्या औद्योगिक भागात एका फाउंड्रीत स्टोअरचे कारकून म्हणून चिकटले. त्यांच्या वडिलांचं आयुष्य सख्ख्या भावांशी कोर्टात भांडण्यात गेलं होतं. एकाच अंगणात दोन चुली, मधे कुंपण, आणि कुंपणापलीकडच्या चुलत भावाला हाक मारली तर पाठीत धपाटा. हे पाहून मोठी झालेली ही तीन पोरं. वडिलांच्या तेरवीला, पंगती उठल्यावर, तिघांनी एकमेकांच्या हातावर हात ठेवून ठरवलं की यापुढे घरातली मोठी गोष्ट, शेत असो, घर असो की लग्न असो, तिघांनी 'हो' म्हटल्याशिवाय होणार नाही. एकाचंही 'हो' आलं नाही तर गोष्ट तिथेच थांबेल. मी त्या तेरवीला होतो. आमच्या ताईचं नुकतंच लग्न झालं होतं. मला ते दृश्य तेव्हा इतकं आवडलं होतं की घरी येऊन मी माझ्या भावाला सांगितलं, शिका काही तरी.

हे 'हो'चं वेड भाऊजींनी जेवणाच्या ताटापर्यंत आणलं. त्यांच्या घरी पानं वाढून झाली की ते भिंतीजवळच्या आपल्या पाटावरून सगळ्यांकडे बघत आणि विचारत, "झालं का सगळ्यायचं?" प्रत्येकाने 'हो' म्हणायचं. पाहुण्यानेही. सगळ्यांचं आलं की पहिला घास भाऊजी घेणार, मग बाकीचे. त्यांची मुलगी वैजू लहानपणी मुद्दाम ओठ मिटून बसायची. बाप हात कोरडा ठेवून तिच्याकडे बघत राहायचा, ताई ओरडायची, आणि मग ती एकदम "हो ऽऽ" करून किंचाळायची. काय हसायचे भाऊजी! माझ्या डोळ्यांसमोर त्यांचा तो हसरा चेहरा अजून आहे. पुढे त्याच खेळाने त्यांचा जीव काढला.

फाउंड्रीत रोलिंग मिलचे रोल ओतले जायचे. एकेक रोल म्हणजे ट्रकभर वजन, महिनाभराची मेहनत. माल तीन ठिकाणी असायचा, भिलाईत कारखान्यात, दुर्गच्या यार्डात आणि रायपूरच्या गोदामात. कॉम्प्युटर आले तसे भाऊजी स्टोअरमधून उठून त्या थंडगार खोलीत बसले, आणि मला त्यांनी दुर्गच्या यार्डातल्या मशीनवर चिकटवलं. तिन्ही ठिकाणी आपापला सर्व्हर, आपापला डेटाबेस, आणि दिवस मावळताना फ्लॉपीवर माहिती घेऊन माणूस स्कूटरने फिरायचा. व्हायचं तेच झालं. एका दुपारी एकच रोल भिलाईने एका पार्टीला विकला आणि रायपूरने दुसऱ्या पार्टीला. दोन्ही ट्रक एकाच रोलसमोर येऊन उभे राहिले. ड्रायव्हरांची हाणामारी झाली. सेठजींनी भाऊजींना बोलावून सगळ्यांदेखत विचारलं, "ढोकजी, आपका कंप्यूटर अंधा है क्या?"

भाऊजींना ते लागलं. ते नागपूरला जाऊन काही शिकून आले, जाडजूड पुस्तकं घेऊन आले, आणि त्यांनी तिन्ही सर्व्हर टेलिफोनच्या भाड्याच्या लाइनींवर जोडले. त्यांची रीत मी तुम्हाला सांगतो, कारण तिच्याशिवाय पुढचं कळणार नाही. समजा मी दुर्गहून एक रोल विकला. तर माझं मशीन ते लगेच लिहून टाकणार नाही. आधी तिन्ही मशीनना विचारलं जाणार, लिहायची तयारी आहे का? तिघांकडून 'हो' आलं की मगच हुकूम सुटणार, लिहा. तिन्ही जागी एकाच वेळी लिहिलं जाणार. एक जरी गप्प बसलं तरी कोणीच लिहायचं नाही. आणि खरी मेख पुढे आहे. ज्या मशीनने 'हो' म्हटलं, त्याने हुकूम येईपर्यंत तो रोल आपल्याकडे अडवून धरायचा. दुसऱ्या कोणाला त्याला हात लावू द्यायचा नाही, दुसरं गिऱ्हाईक आलं तरी दाखवायचाही नाही. मी विचारलं, "अन हुकूम आलाच नाई तं?" भाऊजी म्हणाले, "कावून नाही येणार? शब्द देला ना सगळ्यायनं." सेठजी म्हणाले की एकाने लिहून घ्यावं आणि बाकीच्यांना सवडीने कळवावं, काम तरी अडणार नाही. भाऊजी ऐकेनात. सवडीने कळवण्यातच तर दोन ट्रक समोरासमोर आले होते.

रीत चालली, झक्कास चालली. फक्त लाइन पडायची. वारा आला की पडायची, खोदकाम झालं की पडायची, काही झालं नाही तरी पडायची. मग टेलिफोनवाल्यांकडून हेमंत यायचा. हेमंत देवांगन, जुनवानीचा, सडपातळ, कमरेला चामडी पिशवी, कानामागे पेन्सिल. फोन तारेला लावून ऐकायचा आणि बरेचदा एकच सांगायचा, "लाइन बने हे साहब. ओती ले जवाब नइ आवत हे." म्हणजे लाइन चांगली आहे, तिकडून उत्तर येत नाही. आणि खरंच रायपूरचा कोणी भैताड सर्व्हरचं बटन बंद करून पंख्याला करंट देत असायचा. भाऊजींचा हेमंतवर जीव जडला. घरी फोन घेतला तोही त्यांनी हेमंतच्याच हातून बसवून घेतला. तो बसवताना वैजूने त्याला पाणी दिलं. पुढचं मी काय सांगू बाप्पा, तुम्ही शहाणे आहात.

वैजू तेव्हा शाळेत शिकवायला लागली होती. चोरून फिरणं, चिठ्ठ्या वगैरे भानगड तिने केली नाही. एका रविवारी जेवणं झाल्यावर तिने सरळ बापाला सांगितलं. मी तिथेच सुपारी कातरत होतो. मला वाटलं, आता आभाळ कोसळणार. पोरगा छत्तीसगढी, आपल्या जातीचा नाही, भाषेचा नाही. पण भाऊजी शांत होते. त्यांनी तिला विचारलं, "तुहं पक्कं?" ती म्हणाली, "हो." दुसऱ्या दिवशी हेमंतला विचारलं, तो म्हणाला, "हाँ साहब." ताई दोन दिवस रडली आणि 'हो' म्हणाली. रमेशला दुर्गहून बोलावलं, त्याने डोकं खाजवून 'हो' म्हटलं. मला कोणी विचारलं नाही, पण मीही मनातल्या मनात म्हणून टाकलं. राहिले काटोलचे दादा, वैजूचे मोठेबाबा. भाऊजींनी फोन लावला, सगळं सांगितलं. तिकडून दादांचा आवाज आला, "पाहू."

आमच्या विदर्भात 'पाहू' म्हणजे काय, हे वाचणाऱ्यांना मी सांगायला नको. 'पाहू' म्हणजे हो नाही, नाही पण नाही. 'पाहू' म्हणजे मला विचारलं याचा मान घेतला, आता बसा. भाऊजी दर रविवारी सकाळी अंघोळ करून काटोलला फोन लावायचे. मोठी वहिनी उचलायची. शेतात गेले. बाजारात गेले. आत्ताच निजले. कधी नुसतीच घंटी वाजत राहायची. भाऊजी रिसिव्हर ठेवायचे, पुसायचे, आणि म्हणायचे, "कामात असतीन." दोनदा ते स्वतः काटोलला गेले. दादांनी संत्री खायला घातली, बाग दाखवली, आणि विषय निघाला की बैलाला हाक मारली. तिथून गोणीभर संत्री घेऊन यायचे भाऊजी. मी एकदा ताईला म्हटलं, ही संत्री नालीत फेक. तिने त्यांचा मुरब्बा केला.

आणि इकडे सगळे अडकून बसले. वैजूने 'हो' म्हटलं होतं, हेमंतने म्हटलं होतं, आणि दोघंही शब्द धरून उभे. दुसरी स्थळं आली, अकोल्याचं आलं, बालाघाटचं आलं, एक तर वैजूला स्वतः पाहायला दारात आलं, भाऊजींनी हात जोडून परत पाठवलं, "एक बोलणं चालू हाय." तिकडे हेमंतच्या घरी मुली सांगून यायच्या आणि तोही तेच सांगायचा. लग्न होत नव्हतं, आणि मोडतही नव्हतं. हुकूम सुटत नव्हता. मी भाऊजींना म्हटलं, दादांनी नाही म्हटलं असतं तर बरं झालं असतं, पोरं रडून मोकळी झाली असती. ते म्हणाले, "दादा नाई म्हणून नाई राहिले ना. मंग मी कावून नाई समजू?"

मग रायपूरच्या लाइनीची तांब्याची तार चोरांनी कापून नेली, चांगली लांबच्या लांब. रायपूर गप्प. भिलाई आणि दुर्ग दोघांनी 'हो' म्हणून माल अडवलेला, आणि तिसऱ्याच्या उत्तराची वाट बघत दोघंही ठप्प. यार्डात ट्रक उभे, ड्रायव्हर ट्रकाखाली चादर घालून पत्ते खेळतायत, आणि मी मशीनसमोर माशा मारतोय. सेठजी दुर्गला आले, ट्रकांची रांग पाहिली आणि भाऊजींना म्हणाले, "एक गूँगे के लिए दो अच्छे-भले को मार दोगे?" भाऊजी घरी गेले नाहीत, जेवले नाहीत, आणि शेवटी त्यांनी रीत बदलली. ठरल्या वेळात जो उत्तर देणार नाही, तो बाद. उरलेल्या दोघांचं 'हो' पुरे. काम पुढे जाईल. आणि बाद झालेला परत आला तर त्याला लगेच रांगेत घ्यायचं नाही. मधल्या काळात जे जे झालं ते सगळं आधी त्याला वाचायला लावायचं, पहिल्यापासून. तेवढं त्याच्याकडे उतरलं की मगच त्याचं 'हो' धरायचं. मला समजावताना ते म्हणाले, "साळेबुवा, आधी मागचं सगळं, मंग पंगत." ट्रक सुटले. सेठजींनी पेढे वाटले.

ते पेढे घेऊन भाऊजी घरी आले आणि खुशीत सगळं वैजूला सांगितलं. आता बघा, इतका हुशार माणूस, आणि आपण काय बोलून राहिलो हे त्यालाच कळेना. वैजूने ऐकून घेतलं. पेढा हातातच होता तिच्या. म्हणाली, "बाबा, आफिसात दोघांवर चालते, तं घरी कावून नाही चालत? काका हो म्हणते, तुम्ही हो म्हणता. मोठेबाबाले टाइम द्या ना एक. नहीं बोले तो बात खतम."

भाऊजींचा चेहरा उतरला. म्हणाले, "ते मशीन हाय माय. हा माहा भाऊ हाय. मशीन तोडली तं उद्या जोडता येते. भाऊ तोडला तं मंग कुंपण पडते अंगणात."

"अन मी?" वैजू म्हणाली.

याला भाऊजींनी उत्तर दिलं नाही. मी समोर बसलो होतो, मी साक्षीदार आहे. बापाने पोरीला उत्तर दिलं नाही. पेढा तिने परत डब्यात ठेवला आणि वह्या तपासायला आत गेली.

हेमंतने वाट पाहिली. पोरगा खरंच चांगला, उगाच नावं कशाला ठेवा. पण त्याची आई अंथरुणाला खिळली आणि तिला सून पाहायची होती, आणि माणसाला कधीतरी आपला अडवून धरलेला हात खाली करावाच लागतो. पत्रिका द्यायला तो स्वतः आला. भाऊजींच्या पाया पडला. वैजू बाहेर आली, पत्रिका हातात घेतली, वाचली, म्हणाली, "कार्ड अच्छा छपा है." चहा करून आणला. आलं घातलेला. तो पीत असताना ती समोरच बसून राहिली आणि कप रिकामा झाल्यावर आत घेऊन गेली. मी आयुष्यात बरीच मयतं पाहिली, पण त्या चहाइतकं वाईट काही पाहिलं नाही.

पुढे रमेशच्या घराच्या वास्तूला दादा दुर्गला आले. जिवंत, धडधाकट, पांढरीशुभ्र टोपी. जेवताना कोणीतरी विचारलं की वैजूचं कुठे जमलं का. दादांनी भाऊजींकडे पाहिलं आणि तोंडातला घास चावत म्हणाले, "अरे हो, ते देवांगनाचं काय झालं बे मधू? मी नाई कुठं म्हटलं होतं? करून टाकायचं होतं ना." असं म्हणाले! करून टाकायचं होतं ना! जसा काही बाजारातून भाजी आणायचा विषय. भाऊजींचा हात ताटातच राहिला. मी उठून बाहेर गेलो, नाही तर त्या वास्तूत पहिलं भांडण माझंच झालं असतं. दादांवर माझा राग आहे आणि तो मरेपर्यंत राहील. पण खरं सांगतो, त्या दिवशी मला भाऊजींचा जास्त राग आला. गप्प माणसाला मान देता देता त्यांनी बोलणाऱ्या माणसाचा गळा दाबला होता.

त्या रात्रीपासून वैजूने जेवताना 'हो' म्हणणं सोडलं. पानं वाढली जायची, भाऊजी विचारायचे, "झालं का सगळ्यायचं?" ताई म्हणायची, "हो." वैजू ताटाकडे बघत बसायची. रुसवा नाही, रडणं नाही, डोळ्यांत पाणीसुद्धा नाही. नुसती गप्प. आणि आमचा तत्त्वाचा पुतळा हात कोरडा ठेवून तिच्या तोंडाकडे बघत राहायचा. वरण निवायचं, पोळी वातड व्हायची. मग ते पाण्याचा घोट घेऊन उठायचे. ते उठले की वैजू जेवायला लागायची. पोट भरून जेवायची. ताईने एकदा दोघींच्या वतीने 'हो' म्हटलं तर भाऊजीच म्हणाले, "तिचं तिले म्हणू दे." दुपारी कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये जे पोटात जायचं तेवढंच. कधी स्वयंपाकघरात उभ्या उभ्या दोन घास. पँट कमरेवर राहीना तेव्हा त्यांनी पट्ट्याला खिळ्याने नवीन भोक पाडलं, मग आणखी एक. मी वैजूला म्हटलं, "पोरी, बाप आहे तो. मारून राहिली तू त्याले." ती म्हणाली, "मामा, मी कुठं नाही म्हणून राहिली?" काटोलचंच वाक्य होतं ते, तिने शिकून घेतलं होतं.

आणि गेल्या महिन्यात, ऐन मेमध्ये, ते गेले. मी पोहोचलो तेव्हा त्यांना ओसरीत बर्फावर ठेवलं होतं. भिलाईचा मे. बर्फाचं पाणी चपलांच्या ढिगापर्यंत वाहत होतं. रमेश म्हणाला, दादा आल्याशिवाय कसं उचलायचं? काटोलला कळवायचं तर फोन बंद. रमेश तक्रार द्यायला गेला, आणि शिडी घेऊन कोण यावं? हेमंत. ऐकून स्वतःच आला. थोडं पोट सुटलेलं, कानामागे तीच पेन्सिल. अंगणातल्या खांबावर चढला, तार जोडली, खाली उतरून त्याने भाऊजींना हात जोडले, आणि आत येऊन त्यानेच बसवलेला तो फोन कानाला लावला. काटोलचा नंबर त्याला पाठ होता. एकदा लावला, पुन्हा लावला. मग रिसिव्हर धरूनच वळला. समोर वैजू होती. त्याच्या तोंडून सवयीनेच निघून गेलं, "लाइन बने हे. ओती ले जवाब नइ आवत हे..."

एकदाचा दुपारी काटोलच्या शेजाऱ्याकडे फोन लागला. तो म्हणाला, सांगतो, निघतील. निघाले की नाही, कोणाला ठाऊक. ऊन वर चढलं. बर्फ पुन्हा आणला, तोही संपला. लोक सावलीसाठी भिंतीला चिकटले. भटजी दोनदा घड्याळाकडे पाहून खाकरले. रमेश सारखा रस्त्याकडे बघायचा आणि म्हणायचा, थोडं थांबू, दादाले वाईट वाटेल. मेलेल्या भावाला काय वाटत असेल ते कोणी विचारत नव्हतं. वैजू आतून आली. पदर खोचलेला. रमेशसमोर उभी राहिली.

"काका, तुमचं हो हाय का?"

"अव पण दादा..."

"तुमचं विचारून राहिली मी."

रमेशने मान खाली घातली. "हो."

"आई?" ताईने रडता रडता मान हलवली. "तोंडानं म्हण." ताई म्हणाली, "हो."

"मोठेबाबाचा टाइम झाला," वैजू म्हणाली. "उचला." आणि मडकं तिने स्वतः उचललं. भटजी काही बोलायला गेले, तिने नुसतं पाहिलं त्यांच्याकडे. त्या अंगणात एवढे पुरुष होतो आम्ही, सगळे तिच्या मागून चालू लागलो. आग तिनेच दिली. जे तिच्या बापाला स्वतःच्या घरात कधी जमलं नाही, ते तिने त्याच्या प्रेतासमोर करून दाखवलं. दादा पोहोचले ते राख गरम असताना. म्हणाले, "थांबले नाई का माह्यासाठी?" कोणी उत्तर दिलं नाही. आम्हालाही आता तेवढं जमत होतं.

तेरवी स्मृती नगरच्या घरीच झाली. नवं राज्य होणार म्हणून पंगतीत लोकांची चर्चा चाललेली, राजधानी कुठे, रायपूर की बिलासपूर. दादा पहिल्या पंगतीत मधोमध बसले. वैजू वाढत होती. सगळ्यांच्या पानावर वाढलं, दादांचं पान कोरडं. मला वाटलं, विसरली. ती भांडं खाली ठेवून त्यांच्यासमोर उभी राहिली. म्हणाली, "मोठेबाबा, आधी मागचं सगळं. मंग पंगत."

आणि तिने सांगायला सुरुवात केली. आवाज चढवला नाही, शाळेत हजेरी घेतात तशी एका सुरात. बाबांनी पहिला फोन केला तेव्हा तुम्ही पाहू म्हटलं. मग शेतात गेले होते. मग निजले होते. बाबा तुमच्याकडे आले तेव्हा तुम्ही बैलाले हाक मारली. अकोल्याचं स्थळ परत गेलं. बालाघाटचं परत गेलं. हेमंतची आई बीमार पडली. हेमंतची पत्रिका आली, मी चहा केला. तुम्ही दुर्गला आले अन म्हटलं, मी नाही कुठं म्हटलं होतं. त्या दिवसापासून मी बाबाले हो म्हटलं नाही. बाबा उपाशी उठायचे. पट्ट्याले भोकं पाडायचे. मले दिसत होतं. मग बाबा मेले. तुमची वाट पाहिली. बर्फ संपला. मी आग दिली. "एवढंच," ती म्हणाली. "आता तुमच्यापाशी बी उतरलं सगळं. जेवा." आणि तिने त्यांच्या पानावर भात वाढला.

दादा जेवले. शपथ सांगतो, जेवले. मान वर केली नाही, पण पुन्हा कढी मागितली. ही असली माणसं शंभर वर्षं जगतात.

संध्याकाळी पाहुणे पांगले. घरात ताई, वैजू आणि मी. दुपारचं उरलेलं ताईने गरम केलं आणि तीन पानं वाढली. भिंतीजवळचा भाऊजींचा पाट कोणी हलवला नव्हता, आणि आजही हलवलेला नाही. आम्ही बसलो. विचारायला कोणी नव्हतं, तरी ताई सवयीने थांबली, मीही थांबलो. वैजू त्या पाटाकडे बघत होती. मग तिचे ओठ हलले. लहानपणी म्हणायची तसं नाही, अगदी हळू, पण स्पष्ट.

"हो," ती म्हणाली.

ताईने रिकाम्या पाटाकडे पाहिलं. पहिला घास नेहमी भाऊजी घ्यायचे... आम्ही तिघं हात कोरडे ठेवून बसून राहिलो, आणि वरण निवत गेलं.